पुशवरचा फोरहँड लूप नेटमध्येच जातोय? बॅटचा कोन बदलण्याआधी हे तपासा

टेबल टेनिस खेळणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. समोरचा ब्लॉक (बॅट नुसती धरून बॉल परत पाठवणं) देत असेल तर फोरहँड टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) वीस-वीस बॉल चुकत नाही. मॅच सुरू झाली आणि समोरच्याने एक लांब, चांगला कट (उलटी फिरकी) दिलेला पुश (खालून हळूच ढकललेला बॉल) टाकला, की हात तोच, बॅट तीच, तरी बॉल थेट नेटमध्ये. पुढच्या वेळी बॅट जरा उघडून (रबर वरच्या दिशेला वळवून) मारावं तर बॉल टेबलाच्या हातभर पलीकडे. मग भरवसा उडतो. लूप, म्हणजे बॉल खालून वर घासून भरपूर टॉपस्पिन देणारा फटका, मारायचाच सोडून माणूस पुशला पुश करत बसतो आणि पहिला अटॅक समोरच्याला मिळतो. कोणीतरी दुरुस्ती सांगतं, आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि एखाद्या स्पर्धेत दुखणं परत डोकं वर काढतं.

ते परत परत येतं, कारण दुरुस्ती भलत्याच जागी होते. ‘बॅट उघड’ हा आपल्याकडे सगळ्यात पटकन दिला जाणारा सल्ला. तो पूर्ण चूक नाही, पण बॅटचा कोन ही तपासायची शेवटची गोष्ट आहे. पुशवरचे बहुतेक लूप नेटमध्ये जातात ते हात वेळेआधी सुटल्यामुळे. बॉल बॅटपर्यंत येतो तेव्हा स्ट्रोकचा जोर ओसरलेला असतो. कोन बदलून हा दोष झाकता येतो, काढता येत नाही.

खालचं सगळं उजव्या हाताने, शेकहँड ग्रिपने (हस्तांदोलन करावं तशी बॅट धरून) खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.

कट बॉलवर नेमकं काय होतं

कट असलेला बॉल तुमच्याकडे येत असतो तेव्हा त्याची तुमच्याकडची बाजू खालून वर फिरत असते. त्याला बॅट नुसती उभी लावली, तर रबर त्या वर जाणाऱ्या पृष्ठभागाला पकडतं, अडवतं आणि बॉल खाली जातो. नेटमध्ये जाण्याचं कारण एवढंच आहे.

आता टॉपस्पिनचा विचार करा. समोर जाणाऱ्या बॉलला टॉपस्पिन द्यायचा तर त्याची तुमच्याकडची बाजू खालून वरच फिरायला हवी. म्हणजे पुशवर लूप मारताना बॉलची फिरकी उलटवायची नसते, ती आहे त्याच दिशेने वाढवायची असते. ब्लॉकवर किंवा समोरच्याच्या टॉपस्पिनवर मारताना आधी त्याचा स्पिन मोडावा लागतो, मग आपला द्यावा लागतो. पुशवर ते कष्ट नाहीत. म्हणून चांगला बसलेला पुशवरचा लूप इतका जड येतो की समोरच्याचा ब्लॉक उडतो. कट बॉलला घाबरणाऱ्या प्रत्येकाने हे डोक्यात पक्कं करावं, कारण बॉल जितका जास्त कट, तितका तुमच्या लूपला मिळणारा स्पिनही जास्त.

अट एकच. बॅट वर जाण्याचा वेग बॉलच्या त्या पृष्ठभागाच्या वेगापेक्षा जास्त पाहिजे. हिशेब करून बघा. बॉलचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण साडेबारा सेंटिमीटर. समजा पुश सेकंदाला ४० फेऱ्या घेत येतोय. त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने फिरतोय. तुमची बॅट त्याहून हळू वर गेली तर तुम्हाला ‘मी ब्रश केलं’, म्हणजे बॉलला रबराने वर घासलं, असं वाटेल, पण रबर त्या स्पिनला ब्रेकच लावत असेल. जपून, हळूच, ‘फक्त टेबलावर टाकू’ म्हणून मारलेला लूप नेटमध्ये जातो तो याच कारणाने.

बॅट बरीच उघडली तर बॉल नेटवरून जातो खरा. पण तो स्पिनमुळे जात नाही, नुसता उचलला जातो. टॉपस्पिन असता तर हवेतून खाली वळून टेबलावर पडला असता. तो नाही, म्हणून बॉल सरळ बाहेर तरंगत जातो. एक नेटमध्ये, एक बाहेर, एक नेटमध्ये हा जो खेळ चालतो, त्यात बाहेर गेलेला आणि नेटमध्ये गेलेला हे दोन्ही बॉल एकाच आजाराचे असतात. बॉल लागतो त्या क्षणी बॅटला वेग नसतो.

हात लवकर का सुटतो

स्ट्रोकमध्ये बॅटचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तो खालून वाढत जातो, मध्यावर सगळ्यात जास्त होतो आणि मग उतरतो. बॉल त्या मध्यावर भेटला तर सगळं जमतं. आधी किंवा नंतर भेटला तर वेग वाया.

आपला सराव बहुतेक कशावर होतो? ब्लॉकवर. ब्लॉक होऊन आलेला बॉल टप्प्यानंतर पटकन अंगावर येतो. रोज अर्धा तास तो लय हातात बसवतो. कट बॉलचा स्वभाव उलटा. टप्पा पडला की तो टेबलावर अडखळतो, वेग घटतो, बसकाही राहतो. टप्प्यापासून बॅटपर्यंत यायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि हात मात्र ब्लॉकच्या तालावर निघून गेलेला असतो. मग उरतं ते स्ट्रोकचं शेपूट. बॉल पोचत नाही म्हणून शरीर पुढे झुकतं, कोपर सरळ होतं, मनगट बॉल शोधायला जातं. हे सगळं इतक्या कमी वेळात होतं की खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याला फक्त बॉल नेटमध्ये दिसतो.

म्हणून पहिली तपासणी फोनने करा. फोन एका खुर्चीवर, तुमच्या उजव्या बाजूला, टेबलाच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये दहा-बारा पुशवरचे लूप रेकॉर्ड करा. नंतर प्रत्येक बॉलला एकच फ्रेम थांबवून बघा, बॉल तुमच्या बाजूला टप्पा घेतो तो क्षण. त्या वेळी बॅट कुठे आहे? ती खाली, उजव्या गुडघ्याच्या आसपास पोचलेली किंवा पोचत असलेली दिसायला हवी. ती वरच्या प्रवासाला लागली असेल, तर बाकी काही तपासायची गरज नाही, तुमचा दोष सापडला.

आमच्या हॉलवर येणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा असाच व्हिडिओ आम्ही बसून पाहिला. तिला सगळ्यांनी सांगितलं होतं की तुझी बॅट बंद (रबर खाली झुकलेलं) आहे. फ्रेम थांबवली तर वेगळंच दिसलं. बॉलचा टप्पा टेबलाच्या कडेपासून वीतभर आत पडतोय आणि तिची बॅट तेव्हाच कमरेच्या वर आली आहे. गुडघे, जे वाकलेले हवेत, ते सरळ झालेत. पुढच्या काही फ्रेममध्ये बॅट जवळजवळ थांबलेली, बॉल येतोय, आणि मग मनगटाने एक छोटासा झटका. बॅट बंद दिसत होती ती त्या झटक्यामुळे. कोनाला हात न लावता आम्ही तिला फक्त मोठ्याने बोलायला लावलं. टप्पा पडला की ‘टप्पा’, आणि बॉल लागला की ‘वर’. पहिल्या दिवशी दोन्ही शब्द एकमेकांवर आदळत होते. मध्ये स्पष्ट जागा ऐकू यायला लागली तसे बॉल आपोआप नेटवरून जायला लागले, बॅट होती तशीच असताना. बोलायला संकोच वाटत असेल तर मनात म्हणा, पण सुरुवातीला आवाज काढून म्हटलेलं जास्त लागू पडतं, कारण समोर उभ्या असलेल्यालाही तुमची घाई ऐकू येते आणि तो टोकतो.

शिकताना बॉल सर्वोच्च बिंदूवरून जरासा खाली यायला लागला की घ्या, साधारण टेबलाच्या पातळीपेक्षा थोडा वर असताना. तिथे वर ब्रश करायला सोपं जातं. हात बसल्यावर हळूहळू सर्वोच्च बिंदूवर या. तिथे लूप पुढे जास्त जातो आणि समोरच्याला वेळ कमी मिळतो. उलटा क्रम धरू नका. मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ बघून पहिल्यापासून वरच बॉल घ्यायला जाणाऱ्यांचीच घाई पक्की होते.

पाय आणि खांदा

वेळ जुळली तरी बॉल नेटच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडत असेल, ब्रश चांगला झाल्याचं जाणवत असेल आणि फक्त दोन बोटं कमी पडत असतील, तर दोष बहुधा पायात आहे.

उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मागे, दोन्हींत खांद्यांपेक्षा जास्त अंतर, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर. बॅट मागे नेताना उजवा गुडघा वाकतो आणि वजन उजव्या पायावर बसतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली येतो, पण तो गुडघ्यामुळे आणि कमरेच्या वळण्यामुळे. पाठ वाकवून खांदा खाली आणलात तर वर येताना पाठच उचलेल. भरलेली बादली आपण गुडघ्यात बसून उचलतो, तसं. स्ट्रोकची सुरुवात उजवा पाय जमीन ढकलण्यापासून, मग कंबर वळते, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी कोपरापासूनचा हात झपकन मिटतो. बॅट कपाळासमोर थांबते. ती डाव्या कानामागे जात असेल तर तुम्ही आडवं मारताय.

बॅट मागे किती न्यायची हा प्रश्न नेहमी येतो. कट बॉलला बॅट खाली जायला हवी, पाठीमागे नाही. बॅट शरीराच्या मागे लपली की तिला परत यायला वेळ लागतो, आणि मग तुम्ही तो वेळ भरून काढायला घाई करता. हात पूर्ण सरळही नको, कोपराला थोडा बाक हवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कमरेत दुखायला लागलं असेल तर पायांचं काम हात आणि पाठ करतायत, हे त्याचं लक्षण. तिथे सराव थांबवून आधी स्ट्रोक दुरुस्त करा.

यात एक अडचण आपल्या जागेची असते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका टेबलाला १४ मीटर लांब, ७ मीटर रुंद जागा मिळते. टेबल २.७४ मीटरचं, म्हणजे प्रत्येकाच्या मागे साडेपाच मीटरच्या वर. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये किंवा ऑफिसच्या खोलीत मागे दीड मीटरवर भिंत असते, खाली गुळगुळीत टाइल्स असतात आणि अर्धे लोक चपलेत किंवा मोज्यांवर खेळत असतात. भिंतीच्या धास्तीने माणूस टेबलाला चिकटून उभा राहतो. लांब पुश मग त्याच्या पोटात येतो आणि बॅट खाली न्यायला जागाच उरत नाही. टाइल्सवर पाय घसरत असेल तर तो जमीन ढकलणारच नाही, शरीर स्वतःला वाचवतं. शक्य असेल तर टेबल थोडं तिरकं लावून एका बाजूला जागा काढा, रबरी तळाचे बूट घाला आणि फरशी पुसून घ्या. लूपच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या त्यांतल्या काही नुसत्या बुटांनी निम्म्या झाल्या.

उभं राहायचं अंतर ठरवायला एक सोपी खूण आहे. बॉल लागतो तेव्हा तो तुमच्या उजव्या मांडीच्या समोर, थोडा बाहेरच्या बाजूला हवा. अगदी अंगाजवळ असेल तर बॉल उजवीकडे बाहेर जातो किंवा कोपर अडकतं. फार पुढे असेल तर हात लांबतो आणि वर जाण्याऐवजी बॉलला मागून ढकलतो. दोन्ही वेळी हात न बदलता पाय बदला.

जाड की पातळ: रबरावरचा पांढरा डाग

नव्या बॉलवर बारीक पांढरी भुकटी असते. ती एरवी आपण पुसून टाकतो, पण एकदा मुद्दाम पुसू नका. स्वच्छ केलेल्या रबराने पाच-सहा लूप मारा आणि रबर उजेडात तिरकं धरून बघा. डाग मधल्या भागात किंवा मध्यापासून बॅटच्या टोकाकडे असेल तर उत्तम. तो खाली मुठीजवळ असेल तर बॉल अंगाच्या फार जवळ येतोय. सगळे डाग खालच्या कडेलाच गोळा झाले असतील तर बॉल उशिरा भेटतोय किंवा पुरेसं खाली जाऊन स्ट्रोक सुरू होत नाही. डागाचा आकारही बघा. गोल ठिपका म्हणजे सपाट फटका, लांबट ओरखडा म्हणजे ब्रश. ही तपासणी फुकट आहे.

आवाजही सांगतो. ‘टक’ असा लाकडाचा कोरडा आवाज आला आणि बॉल नेटच्या खालच्या भागात जोरात आदळला, तर तुम्ही कट बॉलला सरळ फटका मारला. आवाज जवळजवळ आलाच नाही आणि बॉल बॅटवरून घसरून खाली पडला किंवा कडेला लागला, तर ब्रश गरजेपेक्षा पातळ झाला. हवा तो आवाज या दोहोंच्या मधला, किंचित दबलेला. बॉल रबराखालच्या स्पंजमध्ये थोडा रुततो आणि मग रबर त्याला घेऊन वर जातं.

इथे जुन्या सल्ल्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ‘अगदी पातळ ब्रश कर, नुसती साल काढ’ हे आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. तो सल्ला वेगळ्या बॉलचा होता. २००० साली बॉल ३८ मिलिमीटरवरून ४० वर गेला. २००८ मध्ये रबराला जिवंतपणा देणारा स्पीड ग्लू (रबर चिकटवायचा गोंद) बंद झाला. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिकचा बॉल आला. प्रत्येक बदलाबरोबर स्पिन काढणं थोडं अवघड झालं. आजच्या बॉलला नुसतं चाटून जाणारी बॅट पुरेसा स्पिन देत नाही आणि मिसही जास्त होते. थोडं जाड घ्या, बॉल स्पंजपर्यंत जाऊ द्या, पण दिशा वरचीच ठेवा. सल्ला देणारे ज्येष्ठ मनापासून सांगतात आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं, म्हणून नवशिक्याला दोन्ही बाजू कळायला हव्यात.

कोनाचा विषय आता, इतकं सगळं झाल्यावर. जड कटला बॅट जवळजवळ उभी किंवा किंचित पुढे झुकलेली, हलक्या कटला आणखी थोडी बंद. एवढंच. वेग आणि वेळ जुळल्यावर कोनात थोडी चूक चालून जाते.

पहिला बसतो, दुसरा बाहेर जातो

ही तक्रार वरची दुरुस्ती झाल्यावर हमखास येते आणि ती प्रगतीचीच खूण आहे. पुशवर लूप बसला, समोरच्याने ब्लॉक केला, तुम्ही दुसरा मारला आणि तो बाहेर. ब्लॉक होऊन येणाऱ्या बॉलवर कट नसतो. त्याच्यावर फार काही स्पिन नसतो, किंवा थोडा टॉपस्पिन असतो. त्याला पहिल्यासारखंच गुडघ्यापासून उचललं तर तो बाहेरच जाणार. दुसऱ्या बॉलला बॅट खाली न नेता कमरेच्या उंचीवरून सुरू करा, अधिक बंद करा आणि पुढे मारा. पहिला वर, दुसरा पुढे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. समोरच्याच्या बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) असतील तर तुमचाच टॉपस्पिन कट होऊन परत येतो, आणि लूप जितका जड तितका परत येणारा कटही जड. भारतात हे रबर वापरणारे पुष्कळ आहेत. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकणारी मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्सच वापरते. अशा खेळाडूसमोर पहिला वर आणि दुसराही वर. मॅचआधी समोरच्याची बॅट बघायला मागा. नियमाने तो तुमचा हक्क आहे.

तिसरा प्रकार ‘डेड’ पुशचा. हात कटसारखाच चालतो पण बॉलवर काहीच नसतं. त्याला उचललं की बाहेर. ओळखायला बॉलवरचा छाप बघा. छाप वाचता येतोय किंवा संथ फिरताना दिसतोय, तर बॉल डेड. छाप पुसट होऊन बॉल नुसता पांढरा दिसतोय, तर भरपूर कट. हे दिसायला डोळ्याला सवय लागते आणि ती सवय समोरच्याच्या हाताकडे बघत बसल्याने लागत नाही, बॉलकडे बघितल्याने लागते.

पावसाळा आणि जुनं रबर

मुंबई, कोकण, गोवा इथल्या खेळाडूंना जून ते सप्टेंबरमध्ये वेगळाच त्रास होतो. तंत्र बरोबर, वेळ बरोबर, तरी बॉल घसरून नेटमध्ये. हवेतला ओलावा रबरावर पातळ थर धरतो, बॉलवरही धरतो. रबराची पकड गेली की तुमचा ब्रश बॉलपर्यंत पोचतच नाही. दोन पॉइंटच्या मध्ये रबर तळहाताने पुसू नका, घाम त्यात भर घालतो. कोरडा सुती रुमाल ठेवा आणि बॉलही पुसा. बॅट बॅगेत ओली ठेवू नका.

रबर संपलंय का हे बघायला बॉल रबरावर ठेवून बोटाने दाबत सरकवा. अडकत-फिरत गेला तर ठीक. गुळगुळीत सरकला तर त्या रबराने लूप शिकणं व्यर्थ आहे, बदला. नवीन घेताना शिकणाऱ्याने सगळ्यात वेगवान आणि जाड स्पंज घेऊ नये. १९६९ पासून बाजारात असलेलं यासाकाचं मार्क व्ही अजून शिकणाऱ्यांच्या बॅटवर दिसतं, ते त्याच्या सरळ, अंदाज येणाऱ्या वागण्यामुळे. चिकट चिनी रबर घेणार असाल तर पाय आधी तयार पाहिजेत, ते रबर हाताकडून जास्त काम मागतं.

सराव कसा लावायचा

ब्लॉकवर टॉपस्पिन हा सराव बंद करू नका, पण त्याच्या आधी पुशवरचा लूप ठेवा. शरीर ताजं असताना जे कराल तेच हात लक्षात ठेवतो.

सुरुवात एकट्याने. डाव्या हातातून बॉल टेबलाच्या कडेजवळ सोडा, टप्पा घेऊन तो खाली यायला लागला की ब्रश करून नेटपलीकडे पाठवा. येणारा स्पिन नसल्याने फक्त थांबणं आणि वर जाणं शिकता येतं. बॉल समोरच्या बाजूला पडल्यावर पुढे झेप घेतो का बघा. झेप म्हणजे टॉपस्पिन लागला.

मग मल्टीबॉल, म्हणजे टोपलीतून एकामागून एक बॉल टाकून घेणं. फीडरला (बॉल टाकणाऱ्याला) स्पष्ट सांगा की बॉल एकाच जागी, खरा कट देऊन, आणि मध्ये श्वास घेता येईल इतक्या अंतराने हवेत. भराभर टाकलेले बॉल ही आपल्या क्लबमधली मोठी खोड आहे. त्याने घाम निघतो आणि नेमकी घाईच पक्की होते. कोच किंवा टोपलीभर बॉल नसतील तर जोडीदाराबरोबर पुशची रॅली धरा आणि तिसऱ्या पुशवर लूप मारा. जोडीदाराने तो बॉल परत करायचा नाही, फक्त कुठे पडला ते सांगायचं. दहापैकी सात-आठ बसायला लागले की जोडीदाराने मध्येच एखादा डेड पुश घालावा, मग जागा बदलावी, आणि त्यानंतरच ब्लॉक करून रॅली पुढे चालवावी. या पायऱ्या ओलांडून थेट गेम खेळायला गेलं की जुनी सवय पहिल्या पाच मिनिटांत परत येते.

शेवटची पायरी सर्व्हिससह. छोटी कट सर्व्हिस मध्यावर, समोरून लांब पुश, आणि तिसरा बॉल तुमचा लूप. इथे नवीन चूक दिसेल. सर्व्हिस झाल्यावर बहुतेक जण टेबलापाशी सरळ उभे राहून पुशची वाट बघतात. सर्व्हिसचा हात संपला की त्याच लयीत अर्धं पाऊल मागे आणि गुडघे वाकलेले, हा सर्व्हिसचाच भाग समजा.

मॅचमध्ये दोन लागोपाठ नेटमध्ये गेले तर

दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घ्यायची मुभा असते, ती वापरा. रबर आणि बॉल पुसा. पुढचा लूप तिरका मारा. टेबलाची सरळ लांबी २.७४ मीटर आहे आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३.१३ मीटरच्या आसपास. जवळजवळ चाळीस सेंटिमीटर जास्त जागा मिळते. बॉल नेटवरून वीतभर उंच जाऊ द्या. टॉपस्पिन असेल तर तो खाली येईलच.

जोर कमी करायचा तर पुढच्या दिशेचा करा, ब्रशचा वेग घटवू नका. दडपणाखाली माणूस नेमकं उलटं करतो. हात आखडतो, बॅट हळू नेतो आणि पुन्हा त्या ताशी १८ किलोमीटरच्या खाली जातो. ग्रिप सैल करा, बोटांत बॅट हलेल इतकी. मग टप्पा बघा, तो पडेपर्यंत बॅट खालीच ठेवा आणि वर जा. बॉल गेला की लगेच पाय जागेवर आणा, बॅट कमरेपाशी. ब्लॉक आला तर त्याला आता उचलायचं नाही, पुढे मारायचं आहे.